जुना पार्ट गिऱ्हाइकाचा

१

सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना लक्ष्मणमामा फाटकाची कडी वाजवायचे. ते येणार हे वेदश्रीला ठाऊक असायचं, भिंतीवरचं घड्याळ समोर असायचं, तरी कडी वाजली की तिच्या हातून काहीतरी पडायचंच. कधी चहाची बशी, कधी केसांची पिन. पुढचा पाऊण तास मात्र ठरल्यासारखा जायचा. मामा व्हॅनवरून ओलं फडकं फिरवायचे, वेदश्री मागच्या बाकांवरची धूळ झटकायची, आणि नवनगरातल्या तीन गल्ल्यांतून नऊ पोरं गोळा करून गाडी हुबळीच्या रस्त्याला लागायची. उणकलचं तळं आलं की खिडकीवरून भांडण, लॅमिंग्टन रोड जवळ आला की कुणाच्या डब्यात काय, याची चौकशी.

गाडी साकेतची, वेदश्रीच्या थोरल्या भावाची. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देऊन तो कंटाळला आणि एक दिवस ही जुनी पांढरी व्हॅन घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "कारकून नाही झालो, सारथी झालो." तीन वर्षं त्यानं नवनगरातली पोरं शाळेत पोचवली. यंदा, दोन हजार सहाच्या श्रावणात, त्याला कावीळ झाली. आठ दिवस. नवव्या दिवशी घरात दोनच माणसं उरली, वेदश्री आणि तिची आई लीलाबाई. वडील ती शाळेत असतानाच गेले होते.

महिना व्हायच्या आत लीलाबाईंनीच सांगितलं, "पोरांच्या शाळा बुडतात. गाडी काढा." सिटी बसवरून रिटायर झालेले लक्ष्मणमामा स्टिअरिंगवर बसले. लहान पोरांना ओळखीचं कुणीतरी हवं म्हणून वेदश्री त्यांच्याबरोबर जाऊ लागली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी, बी.एड.ला नंबर लागायची वाट बघत होती. तेवढाच वेळ जाईल, असं सगळे म्हणाले.

भाद्रपदातल्या एका सोमवारी व्हॅन विद्यानगरच्या सिग्नलला थांबली. इंजिन चालू होतं. त्यानं तीन-चार वेळा घाईघाईनं घरघर केली आणि एकदम खाली बसलं. बंद पडलं नाही, नुसतं थांबल्यासारखं झालं. पायाखालची थरथर गेली. मागं चाललेली पोरांची कुजबुज एकाएकी मोठी वाटली. मग कुठून तरी खोलातून इंजिननं परत उचल खाल्ली. घर्र, घर्र, घर्र.

"पेट्रोलात कचरा आलाय," मामा म्हणाले.

वेदश्रीचं तिकडं लक्ष नव्हतं. आपले ओठ हलतायत, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती मोजत होती. पाचपर्यंत आली होती.

२

हे मोजणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. इस्पितळातल्या शेवटच्या दोन दिवसांत ते आपोआप जडलं.

कावीळ डोक्यात गेली तसा साकेतचा श्वास बदलला. तीन-चार घाईचे श्वास, आणि मग थांबा. त्या थांब्यात खोलीतली प्रत्येक वस्तू वाट बघत असल्यासारखी वाटायची, सलाईनची बाटलीसुद्धा. वेदश्री मनात आकडे म्हणायची. पाच. सात. मग छातीवरची चादर वर उचलली जायची आणि तिचाही श्वास सुटायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी लीलाबाई आंघोळीपुरत्या घरी गेल्या. दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. खोलीत वेदश्री एकटी होती. नऊ. अकरा. मग तेरा. तेरा झाले तरी चादर हलेना, तशी ती उठली. "सिस्टरना बोलावते हं, अण्णा," असं साकेतला म्हणालीसुद्धा. बाहेर आली, आणि सिस्टरांच्या टेबलासमोरून तशीच पुढं गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात भिंतीकडं तोंड करून बसली, दोन्ही हात कानांवर ठेवून. दहा मिनिटं बसली की वीस, तिला आजही सांगता आलं नसतं. वर गेली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

"तू होतीस ना ग जवळ?" लीलाबाईंनी दारातूनच विचारलं होतं.

"होते."

"हात धरला होतास?"

"धरला होता, आई. हळूच गेला. माझ्याकडं बघत बघत."

बोलून गेली ती बोलून गेली. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावून झाला की लीलाबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "परत सांग." वेदश्री सांगायची. सांगता सांगता ते वाढत गेलं. त्यानं तुझं नाव घेतलं, त्यानं बोट घट्ट धरलं. लीलाबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मग दोन घास जेवायच्या. ज्या दिवशी वेदश्री टाळायची त्या दिवशी ताट तसंच राहायचं. या माउलीला उद्या कळलं, की आपलं पोर खोलीत एकटं गेलं आणि बहीण पळून गेली होती, तर ती दुसऱ्या दिवशी उठणार नाही, हे वेदश्रीला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

जिन्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मैत्रिणीला नाही, देवालाही नाही.

३

पेट्रोल बदललं. प्लग साफ केले. आठवडाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. आणि थांबा वाढत होता.

वेदश्री स्वतःची समजूत घालायची. यंत्र आहे, यंत्राचा एक ताल असतो, बिघडलेल्या यंत्राचा बिघडलेला ताल असतो. पंखासुद्धा कुरकुरायला लागला की त्यात नाव ऐकू येतं माणसाला. ती मुद्दाम पोरांना पाढे म्हणायला लावायची, म्हणजे इंजिनाचा आवाज कानावर यायला नको. पोरं ओरडून सात एके सात म्हणायची आणि तिच्या आतला आकडा वेगळाच चाललेला असायचा. सात. आठ. नऊ.

एका बुधवारी बैरीदेवरकोप्पच्या पुढं, भर हमरस्त्यावर, इंजिन खाली बसलं आणि वर आलंच नाही. मागून माल भरलेला ट्रक येत होता. त्याचा हॉर्न वाजतच राहिला. मामांनी गाडी उतारावर कशीबशी डावीकडं ओढली. ट्रक इतक्या जवळून गेला की व्हॅन डुलली. नऊच्या नऊ पोरं गप्प.

दुसरीतली प्रियांका पुढं वाकून म्हणाली, "अक्का, गाडी मेली?"

"गप ग!" वेदश्री इतक्या जोरात ओरडली की पोरीनं ओठ काढला.

मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. "तेहतीस वर्षं बस हाकली मी, वेदक्का," ते म्हणाले, "पण असं कधी झालं नाही. आजच्या आज राघवेंद्र मिस्त्रीकडं घालू. ही नऊ लेकरं माझ्या कपाळी नकोत."

त्याच वेळी, कुणी किल्लीला हात लावला नसताना, इंजिन घरघरलं. एकदा, दोनदा, तीनदा.

४

राघवेंद्र मिस्त्रींचं गॅरेज केशवापुरात. चष्मा कपाळावर आणि हातात कायम पुसायचं फडकं. साकेत त्यांच्याकडंच यायचा. व्हॅन आत येताना बघून ते सवयीनं ओरडले, "काय रे साकेत, आज कशी वाट चुकलास?" आणि मग वेदश्री उतरताना दिसली तशी जीभ चावली. "बस, तंगी. बस." धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ते तिला म्हणायचे.

या गाडीला तपासायची एक पद्धत होती. डॅशबोर्डखालच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या आणि समोरचा पिवळा दिवा कसा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा आणि मग दोनदा, म्हणजे सगळं ठीक. बाकी बिघाडांचा एक तक्ता असतो. मिस्त्रींचा तक्ता भिंतीवर होता, काळ्या बोटांनी मळलेला.

त्यांनी वायर जोडली. दिवा तीनदा घाईघाईनं लुकलुकला आणि विझला.

वेदश्रीनं पदराचं टोक मुठीत धरलं. सात, आठ, नऊ. दिवा लागला. तीनदा. विझला. आठ, नऊ, दहा, अकरा.

"हे कुठल्या भाषेत बोलतंय?" मिस्त्री चष्मा खाली घेत म्हणाले. "ना कन्नड, ना मराठी. असा कोड तक्त्यात नाहीच." त्यांनी वायर काढली, परत लावली. तेच. "ह्याचं डोकं फिरलंय, तंगी. कॉम्प्युटर गेला. एवढा डबा असतो बघ, इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं हा ठरवतो. पाणी शिरलं असेल, नाहीतर म्हातारा झाला. बदलू. माझ्याकडं एक आहे, दुसऱ्या गाडीतला, तपासून ठेवलेला."

"कुणाच्या गाडीतला?" वेदश्रीनं पटकन विचारलं.

"चांगल्या घरचा आहे," मिस्त्री हसले. "पत्रिका बघायची का?"

लक्ष्मणमामाही हसले. वेदश्रीला हसू आलं नाही. "हाच थोडे दिवस चालणार नाही का?"

मिस्त्रींनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग मामांकडं. मग हळू आवाजात म्हणाले, "भावाची गाडी आहे, कळतं मला. पण नऊ पोरं बसतात ना हिच्यात?"

ट्रकचा तो हॉर्न तिच्या कानात अजून होता. प्रियांकाचा ओठही डोळ्यांसमोर होता.

"काढा," ती म्हणाली.

मिस्त्री सीटखाली वाकले. दिवा विझलेला होता. दहा. अकरा. बारा. पुढचं तिला ऐकायचं नव्हतं, बघायचं नव्हतं. पाय आपोआप वळले. ती रस्त्यावर येऊन उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहिली, घुंगरांचा आवाज मोठा होता म्हणून. आतून काहीतरी खट्‌ झालं असेल तर तिनं ते ऐकलं नाही.

अर्ध्या तासानं व्हॅन सुरू झाली. गोड, एकसारखी. विचारूच नका. मिस्त्रींनी जुना कॉम्प्युटर पॉलिथिनच्या पिशवीत घालून, वर कन्नड पेपर गुंडाळून तिच्यापुढं धरला.

"मला काय करायचाय तो?"

"जुना पार्ट गिऱ्हाइकाचा," मिस्त्री म्हणाले. "आमच्या बाजारात असंच. बदलला म्हणून नुसतं तोंडानं सांगायचं नाही, हातात द्यायचा. माझ्या वडिलांनी घालून दिलेली रीत आहे. घरी ने, नाहीतर मोडीत घाल. इथं मात्र ठेवू नकोस."

५

मोडीतच घालायचं तिच्या मनात होतं. पण लीलाबाई फाटकात उभ्या होत्या.

"काय झालं होतं गाडीला?"

"एक भाग खराब झाला होता, आई. बदलला."

"बघू."

वेदश्रीनं पुडकं दिलं. लीलाबाईंनी पेपर सोडला. पंचांगाएवढा एक करडा डबा, कडेला पिनांच्या रांगा. त्यांनी तो पिशवीसकट दोन्ही हातांत तोलला, तान्हं मूल तोलावं तसा, आणि साकेतच्या खोलीत नेला. त्याची कॉट तशीच होती, पांढरी चादर घातलेली. त्यांनी तो उशीवर ठेवला.

"त्याची वस्तू त्याच्या खोलीत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लीलाबाईंनी कितीतरी दिवसांनी स्वतः भाकरी थापली. झुणका केला, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना शेजारच्या जयलक्ष्मीबाईंच्या सुनेची एक गंमत सांगितली आणि स्वतःच हसल्या. वेदश्रीला इतकं बरं वाटलं की अंथरुणावर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं, आज आईनं "परत सांग" म्हटलंच नाही.

दुसऱ्या दिवशीही म्हटलं नाही. तिसऱ्याही.

सुटलो, असं पहिल्यांदा वाटलं. मग दिवा लागला की वेदश्रीलाच बेचैन व्हायला लागलं. ती आईसमोर जाऊन बसायची. लीलाबाई जपाची माळ ओढायच्या, तिच्याकडं बघून मान हलवायच्या, आणि उठून साकेतच्या खोलीत जायच्या. दार लोटून घ्यायच्या. तासाभरानं बाहेर आल्या की जेवायला बसायच्या, पोटभर.

६

नवरात्र बसलं. घरात वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं ना घट ना तोरण. एका दुपारी लीलाबाई दळण आणायला गेल्या होत्या. वेदश्री वाळलेले कपडे घेऊन साकेतच्या दारावरून जात होती.

टिक्‌. टिक्‌. टिक्‌.

ती जागच्या जागी थांबली. कपड्यांतला एक टॉवेल खाली पडला. पाल असेल. पत्रा तापला की वाजतो. शेजारी शिवणाचं मशीन आहे. एकेक कारण ती ताकाच्या भांड्यावर झाकण बसवावं तसं बसवून बघत होती, आणि तोवर आतला आकडा पुढं गेला होता. चार. पाच.

टिक्‌. टिक्‌. टिक्‌.

बॅटरी नाही, वायर नाही. आत कुठं साठलेली वीज असलीच तर ती मिनिटांत उतरते, आठवडा टिकत नाही. हे तिनं परीक्षेत लिहिलेलं होतं, आकृती काढून. ज्याला वीज नाही ते वाजत नाही. तिनं दार ढकललं.

खोलीत ऊन होतं. कॉटवर चादर सरळ, उशीवर तो डबा. आवाज नव्हता. मग जवळ गेल्यावर दिसलं, पॉलिथिनची पिशवी आतून धुरकट झाली होती. थंडीत काचेवर फुंकर मारावी तशी. तिच्या डोळ्यांदेखत ती धुरकट जागा कडेनं आक्रसत गेली, बशीएवढी झाली, रुपयाएवढी झाली, गेली. पिशवी स्वच्छ झाली. आणि थोड्या वेळानं परत, मधोमध, धूसर फुललं.

हवेतला ओलावा, ती मनाशी म्हणाली. पत्र्याचा डबा, ऊन, सावली. तिनं तळवा पिशवीवर ठेवला.

डबा कोमट होता. ताप उतरल्यावर माणसाचं कपाळ असतं, तसा.

"उठवू नकोस," मागून लीलाबाई म्हणाल्या.

वेदश्री किंचाळली. लीलाबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला, पडलेला टॉवेल उचलला, झटकला, घडी घातली. "किती ग घाबरतेस," त्या म्हणाल्या, प्रेमानं. "लहानपणापासून अशीच."

७

तिनं ठरवलं. हा डबा घरात राहता कामा नये. आईचं डोकं ताळ्यावर राहावं म्हणून म्हणा, नाहीतर स्वतःचं. भंगार घेणारी तानूबाई दर आठवड्याला गल्लीत यायची. या खेपेला तिचा वार खंडेनवमीला येत होता. शाळांना सुट्टी, आई दुपारी गल्लीतल्या मारुतीला जाणार. तेवढ्यात काम उरकायचं.

तानूबाईची आरोळी कोपऱ्यावर ऐकू आली तेव्हा वेदश्री फाटकातच होती. तिला थांबायला सांगून ती आत धावली. साकेतच्या खोलीचं दार उघडं होतं. आत लक्ष्मणमामा होते, कपाळाला गंध, नवा पंचा.

"मामा? तुम्ही इथं?"

"आयुधपूजा नव्हं का आज? हत्यारांची पेटी साकेतच्या कॉटखाली असती. तुमच्या आई म्हणाल्या, बाहेर नको काढू, इथंच मांड."

"घरात सण नाही आमच्या यंदा."

"घराला सुतक, मान्य. गाडीला कशाचं सुतक? तिच्या जिवावर नऊ लेकरं जातात-येतात. तिची पूजा चुकवली तर मला उद्या हात लावायचं धैर्य व्हायचं नाही."

तिनं कॉटकडं पाहिलं. पांढऱ्या चादरीवर मामांनी साकेतची हत्यारं ओळीनं मांडली होती. पायथ्याला जॅक. मधे दोन बाजूंना पान्हे, मोठ्यापासून लहानापर्यंत. वरच्या अंगाला पकड आणि हातोडी. उशीवर तो डबा. मामांच्या मनात काही नव्हतं, बिचाऱ्यांनी जागा होती तसं मांडलं होतं. पण कुणीतरी उताणं निजावं, तशी ती मांडणी झाली होती. प्रत्येक हत्याराला कुंकवाचं बोट, शेवंतीचं फूल. डब्यालाही. पिशवीवर, बरोबर मधोमध, लाल टिळा.

"त्याला कशाला लावलंत?"

"गाडीचा मेंदू तो, राघवेंद्र म्हणाला की! पान्ह्याला कुंकू आणि मेंदूला नाही, असं कुठं असतं?" मामांनी उदबत्ती ओवाळली, हात जोडले. "बरं, आता उद्या सकाळपर्यंत यातल्या कशालाबी हात लावायचा नाही, वेदक्का. आज हत्यारं विसावा घेतात. पुजलेलं उचललं तर ज्याचं आहे त्याला लागतं."

बाहेरून तानूबाईनं हाक मारली, "अक्का, देताय का जाऊ?"

वेदश्रीला वाटलं उचलावा आणि फेकावा. शिकलेली मुलगी होती, कुंकवाला भिणारी नव्हती. पण ज्याचं आहे त्याला लागतं, हे शब्द ऐकले आणि हात उठेना.

"काही नाही, तानूबाई," ती ओरडून म्हणाली. "जा तुम्ही."

८

मामा व्हॅनच्या चाकांखाली लिंबं ठेवायला गेले. दुपारचे तीन वाजले होते, लीलाबाई मारुतीहून परतल्या होत्या. स्वयंपाकघरात पाण्याचं भांडं घेताना वेदश्रीला ते ऐकू आलं. आता दाराआडून नव्हे. साऱ्या घरात ऐकू येत होतं, आणि ते टिकटिकणं नव्हतं.

ती साकेतच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन थांबली.

लीलाबाई कॉटच्या पलीकडं खुर्चीवर बसल्या होत्या. उदबत्ती संपत आली होती. पिशवी आतून पांढरी झालेली, कुंकू एवढं लाल दिसत होतं की बघवेना. लीलाबाई मात्र डब्याकडं बघत नव्हत्या. त्यांची नजर त्याच्या थोडी वर होती, चेहरा असतो तिथं.

"ये," त्या म्हणाल्या. "त्या बाजूला बस. तेव्हा बसली होतीस तशी."

वेदश्री स्टुलावर बसली.

"त्याचा हात धर. तेव्हा धरला होतास तसा."

"आई, हत्यारांना हात लावायचा नाही."

"हत्यारांना नको लावू."

तीन घाईचे श्वास. मग थांबा. पिशवीवरची वाफ कडेनं आक्रसायला लागली. सहा. सात. उशी मधोमध दबलेली होती, डब्याच्या वजनानं दबेल त्याहून कितीतरी खोल, आणि रुंद. आठ. नऊ. वेदश्रीचं सगळं अंग दाराकडं ओढ घेत होतं. पाणी आणते म्हणावं. मामांना बोलावते म्हणावं. दहा. पिशवीवर रुपयाएवढी वाफ उरली होती.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी नव्हते. तेव्हा मी खोलीत नव्हते. हात धरला नव्हता मी. तो बघत नव्हता माझ्याकडं, त्यानं तुझं नाव घेतलं नाही. मी सगळं खोटं सांगितलं. मी पळून गेले, आई."

लीलाबाईंनी मान वर केली नाही. वेदश्री वाट बघत राहिली, आता त्या कोसळतील, आता किंकाळी फोडतील.

"जिन्यात होतीस," लीलाबाई म्हणाल्या.

वेदश्रीनं झटकन आईकडं पाहिलं.

"भिंतीकडं तोंड करून. कानावर हात ठेवून." त्यांनी उशीवरचं शेवंतीचं फूल न हलवता चादरीची सुरकुती सारखी केली. "पंधरा दिवस झाले, रोज तेवढंच सांगतो. वेदी जिन्यात आहे, आई. एकटीच बसलीय. तिला आत बोलाव ग. मी म्हटलं, अरे, ती तर रोज सांगते मी जवळ होते म्हणून. तर म्हणतो, तिला रागावू नकोस. तिला भीती वाटते."

वेदश्रीनं तोंडावर हात दाबला. बोटांतून आवाज येतच राहिला.

"रडू नको. ऐकतो तो." लीलाबाईंचा आवाज पहिल्यांदा फुटला. "त्याला जायचंय, बाळ. मला सोडवत नाही, आणि तुझ्यासाठी तो थांबलाय. किती दिवस असा ठेवायचा त्याला? बघ कसा धापा टाकतोय."

पिशवीवर वाफ नव्हती. बाहेर मामांनी किल्ली फिरवली. व्हॅन सुरू झाली, एकसारखी, निरोगी, कुणाचंच काही देणं लागत नसल्यासारखी.

वेदश्रीनं हात पुढं केला. चादरीवर, पान्ह्यांच्या ओळीबाहेर, जिथं काही मांडलेलं नव्हतं तिथं तळवा उताणा ठेवला. डोळे मिटायचे होते, पण तिनं ते उघडे ठेवले. दिसलं काहीच नाही. चादर तेवढी तिच्या मनगटापाशी किंचित खचली.

मग तिच्या बोटांभोवती बोटं मिटली. थंड टोकांची, आत कोमट, तळव्याला स्टिअरिंगनं पडलेला घट्टा असलेली.

"धरलास?" लीलाबाईंनी विचारलं.

"धरला."

"मोजू नकोस आता."

तिनं मोजलं नाही. किती वेळ गेला ते दोघींपैकी कुणालाही नंतर सांगता आलं नसतं. उन्हाचा तुकडा कॉटच्या पायथ्यावरून भिंतीवर चढला. मामांनी दोनदा हाक मारली, लिंबं चिरडली, गाडी फाटकाबाहेर काढली आणि नेली. आणि मग ती पकड सैल व्हायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. वेदश्री बसून राहिली.